कॅलिफोर्नियात लसी न देता मुलाला शाळेत घालता येतं का?

नाही, सरकारी असो की खाजगी, लसी पूर्ण नसतील आणि मेडिकल सूटही नसेल तर शाळा घेत नाही. आधी 'आम्हाला पटत नाही' असं लिहून दिलं की सूट मिळायची, पण डिसेंबर २०१४ मध्ये डिस्नेलँडमधून गोवर पसरला, २०१५ ला एसबी २७७ कायदा आला आणि जुलै २०१६ पासून ती पळवाट बंद. मग लोक डॉक्टरकडून मेडिकल सूट लिहून घ्यायला लागले, काही डॉक्टरांनी तर दुकानच उघडलं, म्हणून २०१९ ला त्यावरही चाप बसवला. होमस्कूलिंगवाल्यांना हे लागू नाही, म्हणजे घरी येऊन कोणी सुई टोचत नाहीये. आईबापाचा हक्क वगैरे ठीक आहे हो, पण वर्गात केमो चालू असलेलं पोर असेल तर त्याला गोवराची लस देताच येत नाही, त्याचं काय?

भारतातून येणार असाल तर कार्ड नीट बघा. बीसीजी इथे कोणी विचारत नाही, पण कांजिण्यांचे दोन डोस लागतात आणि ते आपल्याकडच्या सरकारी लसीकरणात नाहीत. आमच्या लेकाचं तिथेच अडलं, कार्डावर निळ्या पेनने लिहिलेली तारीख इतकी पुसट की १ आहे का ७ तेच कळेना, शेवटी परत टोचून घेतलं.