लेकीकडे हेबामे येणार, मग मी जाऊन काय करू?

प्रश्न: लेक जर्मनीत स्टुटगार्टला असते, पहिलं बाळंतपण. खरं तर तिनेच माहेरी यायचं पण जमत नाहीये, म्हणून मी चाललेय. ती म्हणते आई इथे हेबामे म्हणजे सुईण घरी येते, तू नुसती ये, डिंक-बिंक काही आणू नको. ही बाई घरी येऊन करते काय? न्हाऊमाखू घालते का? पैसे किती घेते?
– होणारी आजी, नाशिक

उत्तर: ताई, डिंक न्याच, लेकीचं ऐकू नका.

हेबामे न्हाऊ घालत नाही की स्वयंपाक करत नाही, ती रीतसर शिकलेली असते, तिकडे डॉक्टर असले तरी प्रत्येक बाळंतपणाला हेबामे हजर पाहिजे असा कायदाच आहे. पहिले 10 दिवस गरज असेल तर रोज येते, मग कमी कमी करत 12 आठवड्यांपर्यंत, आणि पैसे तिथला सरकारी हेल्थ इन्शुरन्स भरतो. भाचीकडे होते तेव्हा बघितलंय ना मी, बाई सायकलवर यायची, पिशवीतून हुकवाला ताणकाटा काढायची आणि बाळाला कापडाच्या झोळीत घालून चक्क लटकवायची, माझ्या काळजात धस्सच झालं पहिल्यांदा! सुरुवातीला वजन थोडं उतरतंच, दोनेक आठवड्यांत परत जन्माएवढं होतं, तेवढं ती बघते. मग नाळ, टाके, पोट दाबून गर्भाशय किती आकसलंय, अंगावरून किती जातंय, सगळं. आणि रडू येतंय का, झोप होते का हेही बाळंतिणीला विचारते, आपल्याकडे कोण विचारतं हो?

बाळगुटी, काजळ यावर ती नाही म्हणेल, वाद घालू नका. मध तर वर्षाच्या आत इथेही द्यायचा नाही. आणि धुरीचं विसरा, मी तव्यावर ओवा-बाळंतशोपा टाकला तर छतावरचा अलार्म असा कोकलला की शेजारी दारात! बेडरूममध्ये तो तिकडे सक्तीचा आहे.

ती येऊन अर्धा-पाऊण तासात जाते, बाकी दिवसरात्र तुमचीच ड्यूटी. फक्त हेबामे पक्की ठरलीये ना ते आजच विचारा, लोक टेस्ट पॉझिटिव्ह आली की शोधायला लागतात इतकी टंचाई आहे.

हो, आणि तूप नेऊ नका, बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणजे तुपातले लाडूही नकोत. डिंक, खारीक, अळीव न्या आणि लाडू तिथे वळा, लोणी छान मिळतं.