नेब्रास्कातल्या जुन्या सैनिकाची मृत्यूनोंद ‘आढळत नाही’, तेव्हा

तुमचा प्रश्न वाचला. गावाच्या ग्रंथालयासाठी तिथे पहिल्यांदा वस्तीला आलेल्यांपैकी एकाचं चरित्र लिहायचंय, तो अमेरिकन यादवीत उत्तरेकडून लढला होता, 1890 नंतर कधीतरी वारला, आणि मृत्यूचा दाखला मागितल्यावर कचेरीने ‘नोंद आढळत नाही’ एवढं एका ओळीचं पत्र पाठवून हात वर केलेत. असलं पत्र मी ओळखतो. एका कचेरीच्या (नाव घेत नाही) अशाच एका ओळीने माझं काम बराच काळ अडवलं होतं.

नेब्रास्कात राज्यभर मृत्यूनोंदणी सुरू झाली ती 1904 च्या अखेरीस. त्याआधी वारलेल्या माणसाचा दाखला नसणं साहजिकच आहे. राग याचा येतो, की पत्रात हे कुणी लिहीत नाही. ‘आढळत नाही’ वाचून माणसाला वाटतं नाव चुकलं, साल चुकलं, किंवा तो दुसरीकडे कुठे वारला असेल. मग तो शेजारच्या काउंट्यांना (तिकडच्या जिल्ह्यांना) फी पाठवत बसतो. ‘त्या काळात आम्ही नोंदी ठेवत नव्हतो’ हे वाक्य पत्रात घालायला कितीसे कष्ट पडतात? जनतेच्या पैशाने चालणाऱ्या कचेरीने एवढं तरी सांगायला हवं.

जनगणना, स्मशानभूमी, जुनी वर्तमानपत्रं तुम्ही पाहिली असतीलच. मृत्यू शोधायचा तो पेन्शनच्या फाइलीत. या फाइली वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. विधवेला पेन्शन मिळाली असेल, तर नवऱ्याचे कागद सहसा तिच्याच फाइलीत घातलेले असतात. म्हणून पेन्शनच्या सूचीच्या कार्डावर विधवेचा सर्टिफिकेट नंबर, म्हणजे पेन्शन मंजूर झाल्यावरचा नंबर, असेल तर मागणीत तोच द्या, नुसता अर्जाचा नंबर नको. जॉन स्मिथसारखं नाव असेल तर आडनावांच्या सूचीत जीव घालवू नका. दुसरी सूची राज्य, रेजिमेंट (पलटण) आणि तिच्यातली कंपनी (तुकडी) यांनुसार लावलेली आहे, तिथे माणूस लवकर सापडतो.

आणि आर्काइव्हजकडून फाइलीतल्या निवडक आठ कागदांचा स्वस्त संच मागवू नका, हे माझं ठाम मत. पूर्ण फाइल महाग पडते, पण शेजाऱ्यांच्या आणि कंपनीतल्या सोबत्यांच्या जबान्या तिच्यात असतात, आणि चरित्र त्यातूनच उभं राहतं. 1890 च्या कायद्याने किमान 90 दिवस नोकरी करून सन्मानाने सुटलेल्या सैनिकाच्या गरजू विधवेला महिना 8 डॉलर मिळत. त्यासाठी तिला नवऱ्याचा मृत्यू, लग्न, घटस्फोट झालेला नाही हे, आणि आपली गरिबी, सगळं शाबीत करावं लागे. त्यामुळे शेवटच्या आजारावर डॉक्टरचं प्रतिज्ञापत्र मिळण्याची चांगली शक्यता असते. सैनिक स्वतः पेन्शन घेत असताना वारला असेल तर यादीतून नाव कमी केल्याची चिठ्ठी पाहा, तिच्यावर मृत्यूची तारीख आणि शेवटचा हप्ता असतो. 1898 मध्ये जिवंत असेल तर त्या वर्षीचा छापील प्रश्नतक्ता शोधा: बायकोचं माहेरचं नाव, लग्नाचं ठिकाण, मुलांच्या जन्मतारखा. एक मात्र खरं, हे कागद पैशासाठी केलेले आहेत. तारखा घ्या, दुखण्यांची वर्णनं जपून घ्या.

थडग्याचा दगड सरकारी असेल, म्हणजे ढालीच्या खोलगट आकारात उठावाची अक्षरं असतील, तर त्यावर बहुधा नाव आणि पलटण एवढंच मिळेल. 1879 च्या कायद्याने असे दगड खासगी स्मशानभूमीतल्या सैनिकांनाही मिळू लागले. 1879 ते 1903 या काळातल्या दगडांची कार्डं जपलेली आहेत आणि त्यांवर मृत्यूची तारीख असते. हा रस्ता फार थोडे लोक धरतात.

जमिनीसाठी पेटंटवर, म्हणजे सरकारने दिलेल्या मालकीच्या पट्ट्यावर, थांबू नका, त्यामागची होमस्टेडची (वस्ती करून कसणाऱ्याला सरकारी जमीन देण्याच्या योजनेची) फाइल मागवा. नेब्रास्कातल्याच बीट्रिसजवळच्या डॅनियल फ्रीमनचं उदाहरण घ्या. 1 जानेवारी 1863 ला ब्राउनव्हिलच्या जमीन कचेरीत अर्ज करणारा हा माणूस पहिला होमस्टेडर म्हणून ओळखला जातो. त्याच्या फाइलीतल्या शेजाऱ्यांच्या साक्षीत 14 बाय 20 फुटांचं अर्धं ओंडक्यांचं, अर्धं लाकडी सांगाड्याचं घर आहे, सुमारे 35 एकर नांगरट आहे, सफरचंदाची 40 आणि पीचची सुमारे 400 झाडं आहेत. सैनिकांना 1872 पासून सैन्यातल्या नोकरीचा काळ जमिनीवर पाच वर्षं राहण्याच्या अटीतून वजा करून मिळे. तुमच्या माणसाने पाच वर्षांआधीच पट्टा मिळवला असेल तर आधी हे तपासा. कोर्टाचे कागदही पाहा. याच फ्रीमनने शाळेतल्या बायबलवाचनाविरुद्ध खटला लढवला आणि 1902 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला. मृत्युलेखात असलं क्वचितच सापडतं.

हुद्द्याबाबत सावध राहा. वर्तमानपत्रातला ‘कमांडर’ पुष्कळदा ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक या माजी सैनिकांच्या संघटनेच्या गावच्या शाखेचा प्रमुख असतो, सैन्यात तो साधा शिपाई असू शकतो. 1890 ची मुख्य जनगणना 1921 च्या आगीने जवळपास संपवली, पण नेब्रास्काची माजी सैनिकांची वेगळी यादी शिल्लक आहे. खरा हुद्दा तिथे पडताळा.

विधवा 1930 च्या पुढे जगली असेल, तर पेन्शनची फाइल माजी सैनिक खात्याकडे गेलेली असू शकते. अशा फाइलीच्या नंबराआधी एक्स-सी ही अक्षरं असतात, आणि ती माहितीच्या अधिकाराच्या अमेरिकन कायद्याखाली मागवता येते. मी वकील नाही, नियम आणि फी बदलतात, अर्जाआधी ताजे पाहून घ्या. पुन्हा ‘आढळत नाही’ आलं, तर कोणत्या सूचीत, कोणत्या नावाने आणि कोणत्या नंबराने शोधलं, हे लेखी विचारा.