पुतळ्यातल्या घोड्याचा पाय वर असेल तर वीर लढाईत जखमी झाला होता, असं संग्रहालयातल्या व्याख्यानात सांगितलं. खरं आहे का?

नाही, असा कुठलाही नियम शिल्पकार पाळत नाहीत. दंतकथेप्रमाणे दोन पाय वर म्हणजे रणात मृत्यू, एक वर म्हणजे जखम, चारही जमिनीवर म्हणजे अंथरुणात मरण. पण सेंट पीटर्सबर्गमधल्या पीटर द ग्रेटच्या घोड्याचे (1782) पुढचे दोन्ही पाय हवेत आहेत आणि पीटर 1725 मध्ये आजारपणाने गेला. आपल्याकडचा काळा घोडा बघा: सातव्या एडवर्डचा तो पुतळा 1879 मध्ये बसवला, तेव्हा स्वार धडधाकट होता, वारला 1910 मध्ये. घोड्याला आधीच कसं कळणार?

पाय ठरतो तो तोलावर. ब्राँझचा पुतळा आतून पोकळ असतो, वजन पेलते आतली लोखंडी चौकट, जी टेकलेल्या पायांतून चौथऱ्यात उतरते. पुढचे दोन्ही उचलले तर बहुधा शेपटीचा तिसरा टेकू द्यावा लागतो. पीटरच्या पुतळ्यात शेपटी खालच्या सापाला टेकते आणि पुढच्या भागाचा पत्रा मुद्दाम पातळ ओतलाय. दुखणं सुरू होतं ते बहुधा घोट्यापाशी: पावसाचं पाणी आत झिरपतं, लोखंड गंजून फुगतं आणि ब्राँझ तडकतं. म्हणून खुराजवळ पाणी निघायला बारीक भोक ठेवतात. मुंबईच्या खाऱ्या हवेत ते बुजू देऊ नये.

एकच अपवाद: अमेरिकेतल्या गेटिसबर्गच्या रणभूमीवर हा संकेत बराचसा जुळतो, तरी तिथे लढलेल्या सेनापती लाँगस्ट्रीटचा पुतळा (1998) तिथेही तो मोडतो: घोड्याचा एक पाय वर, पण तो त्या लढाईत जखमी झाला नव्हता.

मूळ काळा घोडा आता राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी आहे. बुधवारी बंद असतं.