तुमचं-आमचं : खोडी, कौतुक आणि खो

या महिन्यात जवळपास सगळी पत्रं एकाच गोष्टीवर आलीयेत. हौशी लिहिणाऱ्यांच्या ग्रुपांमध्ये सध्या एक खेळ फिरतोय, स्वतःच्या पाच विचित्र सवयी सांगायच्या, बरोबर लिहिणाऱ्या तिघांचं कौतुक करायचं आणि पुढच्या पाच जणांना खो द्यायचा. ऐकायला सोपा, पण पत्रं वाचून वाटलं की अर्धा महाराष्ट्र याच्यापायी जागा आहे. निवडक पत्रं घेतेय, लांबलेली थोडी कापलीयेत, रागावू नका.

प्रश्न : ताई, आमचा नाशिकला दहा-बारा बायकांचा लिहिण्याचा ग्रुप आहे. मला खो मिळालाय आणि मी पार अडकलेय. बाकीच्यांच्या सवयी किती भारी, एकीला म्हणे टेबलावर मोगरा असल्याशिवाय ओळ सुचत नाही, एक पहाटे चारला गच्चीत जाऊन लिहिते. माझ्यात असं काहीच नाही हो. मी आपली साधी बाई, सकाळी उठायचं, चहा गाळला की गाळणी सिंकच्या कडेवर तीनदा आपटायची, दोनदाच आपटली गेली तर परत पहिल्यापासून, मग डबे, मग ऑफिस. असल्या आयुष्यात खोड आणू कुठून? आणि ग्रुपमध्ये माझी नणंदपण आहे.

उत्तर : अहो, स्वतःचं पत्र परत एकदा वाचा ना! दोनदा आपटली गेली तर परत पहिल्यापासून, हे तुम्ही इतकं सहज लिहून गेलात की तुम्हाला ते दिसलंच नाही. मला तर तुमच्या ग्रुपमधल्या सगळ्या मोगऱ्यांपेक्षा ती गाळणी आवडली. खरी खोड अशीच असते, आपल्याला ती खोड वाटतच नाही, जगात सगळे असंच करतात असं वाटतं आणि मग कोणीतरी पाहुणी स्वयंपाकघरात उभी राहून बघते आणि म्हणते, हे काय गं?

मोगरा, पहाट, गच्ची हे खोटं असेल असं मी म्हणत नाही, पण ते फोटोसाठी साडी नेसल्यासारखं आहे, छान दिसतं आणि कुणालाच तुमची ओळख होत नाही. तुम्ही एक करा, आज जेवताना घरच्यांना सरळ विचारा की माझं काय बघून तुम्हाला हसू येतं. पाच मिनिटांत पाच होतील, कदाचित थांबवावं लागेल त्यांना. जर्मन कवी शिलरचा किस्सा आहे ना, तो टेबलाच्या खणात कुजकी सफरचंदं ठेवायचा आणि त्या वासाशिवाय त्याला काम सुचायचं नाही. हे शिलरने जगाला सांगितलेलं नाही बरं का, सांगितलंय त्याच्या मित्राने, गटेने, म्हातारपणी. शिलरची वाट बघत तो त्याच्या टेबलाशी बसला होता, बसल्या बसल्या गरगरायला लागलं, वास कुठून येतोय म्हणून खण उघडला तर ही सफरचंदं, आणि शिलरची बायको म्हणाली की हे असंच असतं, त्याला लागतात. म्हणजे एवढा मोठा माणूस, पण त्याची खोड आपल्यापर्यंत पोचली ती बरोबर लिहिणाऱ्या मित्रामुळे आणि घरच्या माणसामुळे.

राहिली लाज. एलियट अ‍ॅरन्सन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली एक प्रयोग केला, लोकांना क्विझमधल्या स्पर्धकांच्या टेप ऐकवल्या. भराभर बरोबर उत्तरं देणाऱ्या माणसाच्या अंगावर शेवटी कॉफी सांडल्याचा आवाज आला तर तो लोकांना आणखी आवडला, पण ज्याची उत्तरं यथातथाच होती त्याच्या अंगावर सांडली तर तो आणखीच उतरला मनातून. तुमच्या मैत्रिणी तुमचं लिखाण आधीपासून वाचतायत, तुम्ही कशा लिहिता ते त्यांना माहितीये, तेव्हा तुमची कॉफी बिनधास्त सांडू द्या. फक्त औषधं, पैसे आणि सासरची भांडणं यात आणू नका, त्या खोडी नव्हेत आणि ग्रुपवर गेलेलं परत येत नाही. नणंदेचं म्हणाल तर ती तुमची सहावी खोड स्वतःहून लिहिणारच आहे, लिहू दे. वर तुम्ही हसलात तर अख्खा ग्रुप तुमच्या बाजूने.

प्रश्न : ताई मी पुण्यात आयटीत आहे, वय २७, मूळ लातूरचा. कथा लिहितो. या खेळात एकाने माझ्याबद्दल चांगला मोठा परिच्छेद लिहिला आणि मी घाबरून "काहीतरीच काय, बोर लिहितो मी" असं लिहून टाकलं. त्याने नंतर काही लिहिलंच नाही. आता काय करू? कौतुक झालं की मला पळून जावंसं वाटतं.

उत्तर : बाळा, तुझा दोष नाही, आपल्याकडे घरोघरी हेच. पोरगं पहिलं आलं तर "बरंय, पुढच्या वेळी गणितात बघ", कोणी बाहेरच्याने कौतुक केलं तर आई लगेच "कुठलं हो, नुसता मोबाइल", कारण डोक्यावर चढेल, दृष्ट लागेल. मग मोठेपणी समोरचा चांगलं बोलला की आपण ते मच्छर मारावा तसं मारतो. पण समोरून बघ. त्याने तुझी कथा वाचली, वेळ काढून लिहिलं, आणि तू त्याला सांगितलंस की तुला चांगलं-वाईट कळत नाही. तो गप्प बसला यात नवल काय?

आता त्याला खाजगीत मेसेज कर. माफीची लांबण नको. थँक्यू म्हण आणि त्याने जे वाक्य उचललं होतं त्याबद्दल एक गोष्ट सांग, ते कसं सुचलं, आधी काय होतं, कुठे अडलं होतं. लिहिणाऱ्याला दुसऱ्या लिहिणाऱ्याच्या भटारखान्यात डोकवायला मिळालं की तो खूश असतो. आणि उशीर झाला, आता ऑड वाटेल असं मनात आणू नकोस. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोघांनी २०१८ मध्ये याच्यावर अभ्यास छापलाय, लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली आणि मग ज्यांना ती मिळाली त्यांनाही विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटत होतं समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, प्रत्यक्षात त्यांना वाटलं त्यापेक्षा ते बरंच कमी निघालं आणि आनंद त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त. पाठव, आजच पाठव.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरचा निवृत्त शिक्षक. आमच्या काव्यकट्ट्यावर या खेळामुळे उच्छाद आहे. कुणीही काहीही लिहितो, खाली बारा जण "अप्रतिम", "निःशब्द", "लेखणीला सलाम". उंटाच्या लग्नात गाढवं गातात आणि मग दोघं एकमेकांना म्हणतात अहो रूपं अहो ध्वनिः, तशातली गत. मी कौतुक लिहायला नकार दिला तर मला खडूस ठरवलंय. माझं काय चुकलं?

उत्तर : सर, चुकलं काहीच नाही, पण तुमचा राग कौतुकावर निघतोय आणि निघायला हवा तो आळसावर. "निःशब्द" लिहायला कविता वाचावीच लागत नाही ना, खरी अडचण ती आहे. माणूस निःशब्द झाला तर त्याने गप्प बसावं की नाही?

एकमेकांचं कौतुक करणारे कट्टे काही आजचे नाहीत. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ निघालं, माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे ही मंडळी रविवारी चहाला जमायची, एकमेकांना कविता ऐकवायची, एकमेकांची पुस्तकं काढायची. बाहेरच्यांनी तेव्हाही नाकं मुरडलीच. आणि अत्र्यांनी तर १९२५ मध्ये झेंडूची फुले काढून त्या वळणाच्या कवितांची अशी उडवली की लोक विडंबनं तोंडपाठ म्हणायला लागले. पण मला यात गंमत वाटते ती वेगळीच. विडंबन करायला मूळ कविता आधी नीट वाचावी लागते, तिचा छंद, तिचे लाडके शब्द, ती कुठे उसासा टाकते ते सगळं पकडावं लागतं. अत्र्यांनी ते पकडलं होतं. बारा "अप्रतिम"वाल्यांपेक्षा त्यांनी त्या कवींना जास्त मनापासून वाचलं होतं असं माझं मत आहे, पटो न पटो. आणि त्या चहाच्या टेबलावर जमणाऱ्यांना एकमेकांच्या कौतुकाने निदान लिहीत तरी ठेवलं, यशवंत-गिरीशांच्या कविता पुढे गावोगावी गायल्या गेल्या.

तेव्हा नकार नका देऊ, तुमच्या पद्धतीने करा. तीन जण निवडा, प्रत्येकाची एकच ओळ घ्या आणि ती का आवडली ते लिहा, शिक्षकी पेशाला शोभेल असं. उदाहरणार्थ, "तुमच्या पावसाच्या कवितेत तिसऱ्या कडव्यात पत्र्याचा आवाज आला तिथे मी थांबलो, त्याच्या आधीची दोन कडवी नसती तरी चाललं असतं." यात कौतुकही आलं, शेराही आला आणि कवीला कळलं की कोणीतरी तिसऱ्या कडव्यापर्यंत पोचलं होतं. एवढं मिळालं तर बाकीचे बारा अंगठे तो विसरेल.

आणि वजनदार माणसाने वेळेवर दिलेली दाद काय करते हे मी तुम्हाला काय सांगणार. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोमरेने कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला बालकवी म्हटलं. आज ठोमरे म्हटलं तर किती जणांना कळेल? तुमच्या कट्ट्यावरही एखादा पोरगा असेलच की, जो बारा "अप्रतिम"मध्ये तुमचा एक शब्द शोधतोय. खडूस माणसाच्या कौतुकाला भाव जास्त असतो सर, त्याचा फायदा घ्या.

प्रश्न : मला कोणी मचमच करत खाल्लं की अंगावर काटा येतो, राग येतो, उठून जावं लागतं. खेळात गमतीने खोड म्हणून लिहिलं तर ग्रुपमधले आता मुद्दाम पापड खातानाचे व्हॉइस मेसेज पाठवतात. सगळे हसतात, मी पण हसते, पण नंतर रडले. (कोल्हापूर)

उत्तर : बाई गं. याला मिसोफोनिया म्हणतात, २००१ मध्ये हे नाव दिलं गेलं, आणि हे असणारी तू एकटी नाहीस. ही खोड नाही, त्रास आहे, त्यामुळे खेळाचे नियम इथे संपतात. ग्रुपवर भाषण देऊ नकोस, त्यातल्या ज्या एकीवर तुझा विश्वास आहे तिला फोन करून सांग की हे मला खरंच झेपत नाही, आणि बंद करायला तिलाच सांगू दे, तिसऱ्याने सांगितलं की पोरं पटकन ऐकतात. तरीही पापड आला तर ग्रुप सोड, लिहायला तो ग्रुप लागत नाही. घरच्यांबरोबर जेवणंसुद्धा टाळावी लागत असतील तर ऑडिओलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, दोघंही हे बघतात.

प्रश्न : न्यू जर्सीहून लिहितेय. आमच्या मराठी मंडळाच्या अंकाच्या टीमने हा खेळ चालवला. मी तिघींचं कौतुक केलं, उरलेल्या नऊ जणी फुगल्यात. शिवाय पुढच्या पाच जणांना खो दिला नाही तर साखळी तुटेल म्हणून मागे लागलेत. सगळ्यांचंच करून टाकू का?

उत्तर : नको, मुळीच नको. बाराही जणींचं एकदम केलंत तर हळदीकुंकवाचं वाण होईल, सगळ्यांना एकसारखी स्टीलची वाटी. ज्या नऊ राहिल्यात त्यांचं जेव्हा खरंच काही आवडेल तेव्हा त्या दिवशी, खेळाबाहेर, एकटीला लिहून कळवा. जी. ए. कुलकर्णी आठवा, धारवाडला राहायचे, सभा-समारंभांना फिरकायचे नाहीत, पण लोकांना पत्रं मात्र अशी लिहायचे की पुढे त्यांचे खंड निघाले. चारचौघांत न बोलणारा माणूस एकेकट्याशी भरभरून बोलू शकतो.

साखळीचं तर मनावरच घेऊ नका. तुमच्या आईला विचारा, संतोषीमातेची पोस्टकार्डं यायची, इतक्या जणांना पाठवा नाहीतर अमक्याचं वाटोळं झालं म्हणून. कित्येक आयांनी ती चुलीत घातली आणि सगळ्यांची लग्नंबिग्नं नीट झाली.

प्रश्न : माझ्या पाचात एक कमी पडतेय. नवऱ्याची सवय माझी म्हणून लिहिली तर चालेल का? ते कुलूप लावल्यावर चार पायऱ्या उतरतात, परत चढतात, कुलूप ओढून बघतात, आणि मग शेजाऱ्यांनाही ओढायला लावतात. (चिपळूण)

उत्तर : नाही चालणार, इतकी सुंदर खोड ढापायची नाही. त्यांना विचारून त्यांच्याच नावाने लिहा. आणि त्या शेजाऱ्यांना माझा नमस्कार सांगा, दर वेळी न चिडता कुलूप ओढत असतील तर या खेळातलं तिसरं कौतुक त्यांचं करा, लिहीत नसले तरी.