लिंबावरची पाने खाणारी अळी: औषध चालते की नाही, हे बागेतच कसे पाहावे

प्रश्न (गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील दोन बागायतदार): पाऊस ओसरून लिंबाला नवी पालवी फुटली की अळ्या ती फस्त करतात. दुकानदाराने दोन औषधे आणि टॉनिक एकत्र मारायला सांगितले. नवे औषध बागेत तपासून कसे पाहावे?

उत्तर: ही लिंबू फुलपाखराची अळी. लहान असताना ती पक्ष्याच्या शिटेसारखी तपकिरी-पांढरी दिसते, म्हणून नजरेतून सुटते. हिरवीगार, जाडजूड झाली, डिवचल्यावर नारिंगी शिंगे काढून उग्र वास सोडू लागली की आपण दुकान गाठतो. तोवर उशीर झालेला असतो. अशी अळी लवकरच कोषात जाते. फवारा किंवा न फवारा, ती दिसेनाशी होतेच, आणि नाव बाटलीचे होते.

म्हणून चाचणी घ्यायची तर चार-पाच झाडे न फवारता सोडाच. तेवढ्याच दुसऱ्या झाडांवर एकच औषध, लेबलवरच्या प्रमाणात मारा. प्रत्येक झाडाच्या चारही बाजूंची एकेक फांदी दोरा बांधून ठरवा. फवारणीआधी, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी त्यावरच्या लहान व मोठ्या अळ्या वेगवेगळ्या मोजा. न फवारलेल्या झाडांवरही अळ्या तितक्याच घटल्या, तर औषधाने काही केलेले नाही.

दोन औषधे एकत्र करू नका. कशाने काम झाले ते कधीच कळणार नाही. बाटलीच्या झाकणाने मापू नका, मापाचा पेला वापरा. ‘थोडे जास्त घाला’ हा दुकानदाराचा सल्ला मुळीच ऐकू नका. जास्त मात्रेने अळीची अंडी आणि कोष पोखरणाऱ्या गांधीलमाश्या मरतात, आणि कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) उरलेले विष पाटात उतरते. लेबलवर लिंबूवर्गीय पीक आणि ही कीड छापलेली नसेल तर बाटली परत करा. पक्के बिल घ्या. फुलोऱ्यात फवारणी नको.

माझा आग्रह वेचणीचा आहे. पालवीच्या दिवसांत दर तीन-चार दिवसांनी सकाळी फिरा, कोवळ्या पानांवरची पिवळसर गोल अंडी आणि लहान अळ्या काढून टाका. लहान कलमांना एवढे पुरते. विहिरीकडचा कढीपत्ताही पाहा, अळी तिथेही वाढते. झाडे मोठी असतील तर 5 टक्के निंबोळी अर्क (100 लिटर पाण्याला 5 किलो निंबोळीची भुकटी, रात्रभर भिजवून गाळलेली) किंवा बीटी (अळ्यांना मारणारा जिवाणू) याची पावडर, संध्याकाळी, उघाड पाहून मारा. बीटी पोटात गेल्यावरच काम करते, अळी मरायला दोन-तीन दिवस जातात. दुसऱ्याच दिवशी ‘चालले नाही’ म्हणून पुन्हा पंप उचलू नका.

पानात चंदेरी नागमोडी रेषा असतील तर ती नागअळी. ती पानाच्या आत असते, बीटी तिथे पोचत नाही.

पंपावरील अनुदानासाठी कृषी कार्ड घेऊन विभागीय कृषी कार्यालयात विचारा. तिथे येताना अळी लागलेली फांदीही कागदी पिशवीतून आणा.