ग्रँड फोर्क्सहून जानेवारीत मिनियापोलिसला गाडीने जावं का? ऑल व्हील ड्राइव्ह असली की पुरे का?

ऑगस्टमध्ये इकडे नॉर्थ डकोटात, ग्रँड फोर्क्सला शिकायला येताय, जुनी गाडी घ्यायचीय, जानेवारीत मित्रांबरोबर शेजारच्या मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसला जाऊन यायचंय, आणि कुणीतरी सांगितलंय की ‘ऑल व्हील ड्राइव्ह घे, मग बर्फाची चिंता नको’. हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा ऐकलंय की लिहिल्यावाचून राहवेना.

ऑल व्हील ड्राइव्ह म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना. तिने गाडी जागची हलते चांगली. थांबताना तिचा काडीचा उपयोग नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात, पकड असते ती टायरची. तेव्हा पैसे विंटर टायरवर घाला. साधे टायर सात अंशांच्या खालीच कडक व्हायला लागतात, आणि इथे पारा उणे तीसलाही जातो. पण हे सगळं पुढचं दिसत असेल तर. दिसतच नसेल तर चार चाकं फिरली काय नि दोन फिरली काय.

माझे मोठे दीर डॅलसला असतात. एका नाताळात ते सहकुटुंब आमच्याकडे आले, मिनियापोलिस विमानतळावरून भली थोरली ऑल व्हील ड्राइव्ह भाड्याने घेऊन. परत जाताना आम्हीही निघालो, आम्हाला तिकडे एका बारशाला जायचं होतं. दोन गाड्या. वाऱ्याचा इशारा होता, मी म्हटलं, भावोजी, उद्या निघू. त्यांनी पडदा सरकवून दाखवला. ‘अगं, लख्ख ऊन पडलंय!’

पडलेलं होतंच. इथली मेख तीच आहे. हिमवादळाला वरून बर्फ पडावा लागत नाही. ताशी ५६ किलोमीटरचा वारा, चारशे मीटरच्या पलीकडचं दिसेनासं होणं आणि हे तीन तास टिकणं, एवढं झालं की हवामान खात्याच्या हिशेबी ते हिमवादळ. रेड नदीचं हे खोरं म्हणजे हिमयुगातल्या अगासी नावाच्या प्रचंड सरोवराचा तळ. मैलोन्‌मैल सपाट शेतं, ना टेकडी ना झाडी. आठवड्यापूर्वी पडलेला कोरडा बर्फ वारा उचलतो आणि रस्त्यावर आणून सोडतो.

इंटरस्टेट २९ या हायवेवर अर्धा तास बरा गेला. मग डांबरावरून पांढऱ्या धारा आडव्या पळायला लागल्या, पिंजलेल्या कापसासारख्या. बघता बघता त्या बॉनेटच्या वर आल्या. आमच्या पुढे एक ट्रेलर होता, त्याचं छत उन्हात चमकताना दिसत होतं आणि चाकं, मागचे दिवे, काही नाही. वर निळं आभाळ, खाली शून्य. कडेच्या खाचांवर चाक गेलं की घर्रर्र आवाज यायचा, तेवढ्यावरूनच कळायचं आपण रस्त्यावर आहोत की बाहेर. मी नवऱ्याला म्हटलं, हिल्सबरोला उतर. तो उतरला. मी दिरांना फोन केला. ते म्हणाले, ‘आमची गाडी जाते आहे, तुम्ही या सावकाश.’

आम्ही पेट्रोल पंपावर बसलो. काउंटरवरच्या बाईने लेकीला गरम चॉकलेट दिलं, पैसे घेतले नाहीत. थोड्या वेळाने ती म्हणाली, रस्ता बंद केला. इथे हायवेच्या तोंडाशी रेल्वे फाटकासारखी फाटकं आहेत, ती खाली येतात. ती ओलांडून गेलात तर अडीचशे डॉलरपर्यंत दंड होतो. रात्र त्याच गावात काढली. बारसं हुकलं.

आणि भावोजी पोचले! फार्गोपर्यंत रांगत रांगत, पण धडधाकट पोचले. हीच खरी पंचाईत. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक सत्यनारायणाला तोच किस्सा: ‘ही मंडळी घाबरून पंपावर बसली, आम्ही बघा.’ जाऊबाईंनी मला नंतर हळूच सांगितलं की मुलं टी-शर्टवर होती आणि सगळ्यांची जाकिटं डिकीत, बॅगांच्या खाली. गाडीत हीटर असतो ना! गाडी खड्ड्यात जाऊन डिकी बर्फात रुतली असती तर? विमानतळाची वेळ गाठली, एवढंच त्यावरून सिद्ध होतं.

म्हणून जाकीट, टोपी, हातमोजे हाताशी ठेवा, डिकीत नको. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका, समोरचं शेतघर दिसतं तितकं जवळ नसतं. जानेवारी २०२२ मध्ये याच रस्त्याच्या उत्तर टोकाला, एमर्सनजवळ, कॅनडातून सीमा ओलांडू पाहणारं चौघांचं गुजराती कुटुंब गोठून गेलं. त्यांची परिस्थिती वेगळी होती, थंडी हीच. इंजिन तासाला दहाएक मिनिटं चालवा, पण आधी उतरून एक्झॉस्टच्या नळीभोवतीचा बर्फ काढा आणि काच बोटभर उघडी ठेवा, नाहीतर आतच कार्बन मोनॉक्साइडने गुदमराल. पाण्याची बाटली गोठते, चिक्कीला काही होत नाही. निघण्यापूर्वी दोन्ही राज्यांची ५११ सेवा बघा, रस्त्यांची स्थिती तिथे कळते. ‘नो ट्रॅव्हल अ‍ॅडव्हाइज्ड’, म्हणजे प्रवासाला निघू नका, असं लिहिलेलं असेल तर मित्रांना खुशाल माझं नाव सांगा.

हेही सांगायला हवं की बहुतेक दिवस रस्ते चालू असतात. बर्फ बाजूला सारणाऱ्या नांगरगाड्या पहाटेच फिरतात, मी स्वतः रोज गाडी चालवते. तेव्हा मिनियापोलिसला जरूर जा, फक्त परतीचा दिवस सैल ठेवा. आणि मार्च संपला की सुटलो असं समजू नका, १९९७ मध्ये एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इथे मोठं हिमवादळ झालं आणि पाठोपाठ रेड नदीचा तो महापूर.

जुन्या गाडीचं राहिलंच. पुढच्या जाळीतून प्लग लोंबत असेल तर ती गाडी इथलीच; तो ब्लॉक हीटरचा, म्हणजे इंजिन गरम ठेवणाऱ्या विजेच्या हीटरचा, कडाक्याच्या थंडीत रात्री तो लावला की सकाळी इंजिन कुरकुरत नाही. बॅटरी नवी टाकून घ्या. कोणत्या कंपनीची घ्यावी ते माझ्या नवऱ्याला जास्त कळतं, त्याला विचारून खाली लिहीन. तोवर डॅलसला फोन करू नका.