दुसरीतल्या मुलासाठी अवघड गणित कसे मागावे?

प्रश्न : माझा मुलगा दुसरीत आहे. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर वडिलांबरोबर गेला की पावणेदोन लिटरचे पैसे तो तोंडी सांगतो. वर्गात मात्र त्याच दोन अंकी बेरजा पुन्हा पुन्हा कराव्या लागतात आणि अलीकडे तो उत्तरे मुद्दाम चुकवू लागला आहे. बाईंकडे विषय काढला, तेव्हा "सगळ्यांबरोबर चालू दे की," एवढेच त्या म्हणाल्या. शाळेशी कसे बोलावे? त्याला एक इयत्ता पुढे बसवण्याचा आग्रह धरावा का?
– एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : इयत्ता पुढे नेण्याचा आग्रह तूर्त धरू नये. त्याचे गणित पुढे गेले असले, तरी अक्षरलेखन आणि सवंगडी बहुधा त्याच्या वयाचेच असतील. शिवाय याच गतीने तो चालला, तर तिसरीतही काही महिन्यांत हाच प्रश्न पुन्हा उभा राहील.

शाळेत जाण्यापूर्वी एक खात्री घरीच करून घ्यावी. पाढे धडाधड म्हणणे आणि गणित समजणे यांत अंतर असते, आणि ॲबॅकसच्या वर्गामुळे ते कधीकधी झाकलेही जाते. सात आठे छप्पन्न का, हे तो खडे मांडून दाखवतो का, बावन्नातून सतरा दोन वेगळ्या रीतींनी वजा करतो का, ते पाहावे. त्याने स्वतःहून सोडवलेल्या उदाहरणांचे कागद तारीख घालून जपून ठेवावेत, कारण बाईंना आपल्या शब्दापेक्षा तेच अधिक पटतील.

मग शाळा सुटल्यानंतरची पंधरा मिनिटे वेळ मागून घ्यावी; फाटकापाशी, इतर पालकांच्या घोळक्यात हा विषय काढू नये. "तो वर्गात कंटाळतो" हे वाक्य टाळावे, कारण पन्नास मुले सांभाळणाऱ्या शिक्षिकेला त्यात आपल्या शिकवण्यावरचा ठपकाच ऐकू येतो. मागणी एकच आणि नेमकी असावी : पहिली पाच उदाहरणे बरोबर आली, की उरलेल्या पंधरांऐवजी त्याने आपण घरून पाठवलेल्या वहीतील एक अवघड उदाहरण सोडवावे. यातला 'ऐवजी' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. वर्गाचे काम संपवून आणखी वीस बेरजा मिळणार असतील, तर ती हुशारीची शिक्षा ठरते, आणि आपला मुलगा मुद्दाम का चुकतो याचे उत्तर कदाचित त्यातच असेल.

वहीसाठी बालभारतीची तिसरी-चौथीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांची रीतही द्यावी. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही तीन अंकी संख्या घेऊन तिच्या अंकांची मोठ्यात मोठी व लहानात लहान मांडणी करावी, त्यांची वजाबाकी करावी आणि आलेल्या उत्तरावर हेच पुन्हा करत जावे (उत्तर ९९ आले, तर ते ०९९ धरावे). ३५२ पासून निघाल्यास २९७, ६९३, ५९४ आणि अखेर ४९५ येते. चार अंकी संख्यांत असाच मुक्काम ६१७४ वर होतो. हातच्याच्या वजाबाकीचा सराव यात आपोआप होतो, त्यामुळे बाईंचाही हेतू साधतो.

सहा आठवड्यांनी पुन्हा भेटण्याची तारीख त्याच बैठकीत ठरवावी. तोवर काहीच हलले नाही, तर मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्यावे. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम २४ नुसार प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता जोखून गरजेप्रमाणे पूरक शिक्षण देणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. ही तरतूद सहसा मागे पडलेल्या मुलांसाठी सांगितली जात असली, तरी तिच्या शब्दांत तसा भेद नाही. पहिल्या भेटीत मात्र कायद्याचे नाव काढू नये.